सिस्टरचा नीलवज्र

खोली बघायला गेले तेव्हा सिस्टरनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, पगार तर नाहीच नाही. त्यांनी विचारलं, झोप जड आहे की हलकी. हलकी म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं. मग त्यांनी घराचे नियम सांगितले. दाराला आतून कडी घालायची नाही, नुसतं लोटून घ्यायचं, कारण वेळ आली तर दार फोडत बसायला कुणाला सवड नसते. चपला काढल्या की उंबऱ्याकडे टाचा करून ठेवायच्या, म्हणजे निघताना पाय सरकवले की झालं. आणि झोपताना उशाशी तांब्याभर पाणी झाकून ठेवायचं.

“प्यायला न्हाई,” त्या म्हणाल्या. “कुनाच्या तरी तोंडावर मारायला लागतं.”

मी तेव्हा सोलापूरकडून जुन्नरला नव्यानंच आले होते, एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला. मनात म्हटलं, बाई विक्षिप्त दिसते. दुसरी खोली मिळेपर्यंत काढू दिवस. पुढे दुसरी खोली शोधायचं राहूनच गेलं.

त्यांचं खरं नाव मला विजेच्या बिलावर वाचायला मिळालं. गल्लीत, बाजारात, भाजीवालीपासून कचेरीतल्या शिपायापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. सत्तरीच्या आसपासच्या, उंच, काटकुळ्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं, नाडी मोजायच्या जुन्या सवयीनं. सगळी नोकरी त्यांनी आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या डोंगरात, एका आरोग्य केंद्रात काढली होती. वडील लवकर गेले म्हणून धाकट्या भावांना शिकवलं, त्यात लग्नाचं वय निघून गेलं. भाऊ पिंपरीकडे स्थायिक झाले आणि सिस्टरनी रिटायर झाल्यावर जुन्नरच्या कडेला हे स्लॅबचं घर बांधलं. खाली स्वतः राहायच्या, वर भाडेकरू.

सकाळी ओट्यावर बीपी मोजून घ्यायला माणसं जमायची. सिस्टर पैसे घेत नसत, पण बोलणं ऐकून घ्यावं लागे. लोणचं सोडत नसलेल्या एका म्हाताऱ्याला त्या दर वेळी सांगायच्या, “मीठ सोड, न्हाईतर मला सोड.” तो दोन्ही सोडत नव्हता.

त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची एक लहान मूर्ती होती आणि मूर्तीच्या फळीखाली पांढऱ्या चादरीनं झाकलेली एक पेटी. वाडीवस्तीवर लस न्यायची असते तसली, आतून थर्मोकोलची, झाकण तडकल्यामुळे बाद झालेली. संध्याकाळी सिस्टर कोपरापर्यंत साबणानं हात धुवायच्या, बाळंतपणाला हात धुवावेत तसे, स्वच्छ पंच्याला पुसायच्या आणि मग ती पेटी उघडायच्या. आत कडुनिंबाचा वाळका पाला आणि ब्राऊन पेपरची कव्हरं घातलेली पातळ पुस्तकं. मी आपली समजत होते की काही धर्मग्रंथ असतील. त्या वाचत असल्या की मी जिन्यानंसुद्धा पाय न वाजवता जायची.

एकदा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. अक्षरं दिसेनात, ऑपरेशनला अजून अवकाश होता. त्यांनी मला खाली बोलावलं, हात धुवायला लावले आणि एक पुस्तक माझ्या हातात दिलं. “मॅडम, जरा वाचा. सावकाश वाचा.” मी भक्तिभावानं पहिलं पान उघडलं. पानभर एक माणूस डोंगर उतरत धावत होता. अंगावर निळी शाल, तोंड उघडं, कपाळावरून घामाचे मोठे मोठे थेंब उडालेले, आणि वर हिंदीत लाल अक्षरांत लिहिलं होतं: नीलवज्र.

मला हसू फुटलं. सिस्टर हसल्या नाहीत. “वाचा,” म्हणाल्या.

असा माझा नीलवज्राशी परिचय झाला. तिकडे उत्तरेत कुठल्याशा लहान प्रकाशनानं काढलेली ती चित्रकथा होती आणि प्रकाशन केव्हाच बंद पडलं होतं. नीलवज्राला उडता यायचं नाही. त्याची मूठ वज्राची होती, आणि दुसरी शक्ती अशी की कितीही लांब कुणी संकटात हाक मारली तरी त्याला ती ऐकू यायची. पण हाकेपर्यंत जायला त्याच्याकडे पाय माणसाचेच होते. हाक आली की तो धावत सुटायचा. पानंच्या पानं धावायचा, ठेचकाळायचा, ओढे ओलांडायचा आणि पुष्कळदा उशिरा पोचायचा. घर जळून गेलेलं असायचं, माणूस गेलेलं असायचं. मग तो मागे राहिलेल्यांच्या शेजारी बसायचा. शेवटचं पान बहुतेक वेळा तेच: नीलवज्र कुणाच्या तरी शेजारी बसलेला.

“ह्याला हिरो कसं म्हणायचं?” मी एकदा विचारलं.

सिस्टरना या प्रश्नाची सवय असावी. त्या म्हणाल्या, “उडनाऱ्याचं काय, वरून बघितलं का झालं. धावनाऱ्याला वाटेत किती घरं लागत्यात.”

जगातल्या सगळ्या माणसांची त्यांनी उडणारी आणि धावणारी अशी वाटणी करून ठेवली होती. रविवारी सुट्टीवर जाणारा नवा डॉक्टर उडणारा. स्टँड सोडल्यावरही म्हातारीसाठी गाडी थांबवणारा एसटीचा कंडक्टर धावणारा. बाजारात एखाद्या पोराच्या शर्टावर परदेशी सुपरहिरोचं चित्र दिसलं की त्या थांबून ते नीट निरखायच्या आणि पोराच्या आईला सांगायच्या, कापड चांगलं आहे, माणूस काही कामाचा नाही. माझा नंबर कशात लागतो असं मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “तुमी अजून बसलेल्याच हायसा.”

दर रविवारी सिस्टर सकाळच्या एसटीनं कुठेतरी जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. पिशवीत तीन-चार पुस्तकं, केळी, आणि पावडरचा डबा. शेजारच्या काकूंनी मला पहिल्याच महिन्यात आवाज खाली आणून सांगितलं होतं की सिस्टरचं पेठला कुणीतरी आहे. म्हणजे काय, ते त्यांनी माझ्यावर सोपवलं.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर सिस्टरना ओझं उचलायला मनाई होती, म्हणून पिशवी धरायला मी त्यांच्याबरोबर गेले. नारायणगावला गाडी बदलून, मंचर मागे टाकून, आम्ही पेठला उतरलो. हायवेपासून थोडं आत, कांद्याच्या चाळीशेजारी एक बैठं घर होतं. पडवीत कॉटवर एक गृहस्थ बसवलेले होते, उशांच्या आधारानं. उजवी बाजू लुळी, तोंड किंचित वाकडं. सिस्टरना बघून त्यांनी डावा हात कपाळाला लावला, सलाम करावा तसा.

हे सिस्टरच्या आरोग्य केंद्राच्या जीपचे ड्रायव्हर. सिस्टर त्यांच्याबद्दल बोलताना “आमचा डायवर” म्हणायच्या, समोर मात्र “भाऊ”. काही वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, त्यात वाचा गेली. तेव्हापासून सिस्टर दर रविवारी येत होत्या. आधी त्यांची पाठ बघायच्या, कुठे जखम झाली नाही ना, पावडर लावायच्या, लुळा हात उचलून बोटं एकेक करून चोळायच्या. मग हात धुवायच्या आणि कॉटशेजारच्या खुर्चीवर बसून नीलवज्र वाचायला लागायच्या.

ती पुस्तकं मुळात ड्रायव्हरभाऊंचीच. लस आणायला जीप मंचरला जायची, तेव्हा ते स्टँडवरच्या स्टॉलवरून घ्यायचे. डोंगरात वाट बघण्यात फार वेळ जायचा: बाळंतीण अडलेली असायची, ओढ्याचं पाणी उतरायचं असायचं, शिबिराला माणसं जमायची असायची. त्या वेळात ते जीपच्या बॉनेटवर बसून सिस्टरना मोठ्यानं वाचून दाखवायचे. सिस्टरचं हिंदी तेव्हा कच्चं. ड्रायव्हरभाऊ आवाज काढून वाचायचे. खलनायक म्हणे नेहमी तालुक्याच्या साहेबासारखा बोलायचा. सिस्टर हे सांगायच्या तेव्हा त्यांच्या तोंडावर जे हसू यायचं ते मी एरवी कधी पाहिलं नाही. आता बोलणारा गप्प झाला होता आणि ऐकणारी वाचत होती.

त्यांचं एक जुनं भांडण होतं. ड्रायव्हरभाऊंचं म्हणणं असायचं की लिहिणाऱ्यानं ह्याला एकदा तरी वेळेत पोचवावं. एवढा धावतो, एकदा तरी. सिस्टर म्हणायच्या, मग ज्यांच्याकडं कुणीच वेळेत पोचत नाही त्यांनी कुणाचं पुस्तक वाचायचं? पोचण्याला किंमत नसते, निघण्याला असते. हे भांडण मला सिस्टरनी हसत हसत सांगितलं. जोडप्यांची असतात तसली भांडणं, असं मला वाटलं, आणि मग पडवीच्या दारात उभ्या असलेल्या वैनींकडे बघून मी तो विचार मनातच आवरला.

वैनी, म्हणजे ड्रायव्हरभाऊंच्या मंडळी, ठेंगण्या, नऊवारीतल्या, अबोल. आम्हाला चहा द्यायच्या आणि वाचन चालू असताना घरात निघून जायच्या. सिस्टर पुढच्या रविवारी यायला जमणार नाही असं एकदा म्हणाल्या, तेव्हा वैनी चहाचा कप उचलता उचलता म्हणाल्या, “येत जा बाई. आठ दिवस त्ये भिताडाकडं बघत्यात. तुमी वाचताना तेवढं मानसात असत्यात.” त्या बोलण्यात तक्रार होती की आर्जव, ते मला आजही सांगता येत नाही.

सिनेमाची बातमी माझ्या विद्यार्थ्यांकडून आली. कुणीतरी नीलवज्राचे हक्क विकत घेतले होते आणि फार मोठा खर्च करून त्याच्यावर चित्रपट काढला होता. मी मोबाईलवर झलक दाखवली. सिस्टरनी चष्मा लावला, पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. पडद्यावर निळ्या धातूचं चिलखत घातलेला एक देखणा तरुण ढगांतून बाण सुटावा तसा खाली येत होता.

“ह्याला घाम कुठं हाय?” सिस्टर म्हणाल्या.

तरी त्यांचा निश्चय झाला होता. ड्रायव्हरभाऊंना घेऊन जायचं. ड्रायव्हरभाऊंचा मुलगा तयार होईना. एवढ्या लांब, एवढा वेळ बसवायचं, काही झालं तर. वैनींनीच निकाल दिला. व्हायचं ते झालंय, म्हणाल्या, न्या त्यांना. मग टोमॅटोचे क्रेट वाहायच्या मुलाच्या पिकअपमध्ये गादी टाकली, व्हीलचेअर दोरीनं बांधली आणि दुपारच्या खेळाला ते नारायणगावला आले. वैनी आल्या नाहीत. सिस्टर आणि मी जुन्नरहून जीपनं पोचलो. सिस्टर ठेवणीतली पांढरी साडी नेसल्या होत्या. त्यांच्या पिशवीत भाजलेल्या शेंगा होत्या, त्या दारावरच्या रखवालदारानं काढून घेतल्या; सिस्टरनी त्याला, तुझे डोळे पिवळे दिसतात, रक्त तपासून घे, असं सांगितलं आणि आत गेल्या.

कडेच्या मोकळ्या जागेत व्हीलचेअर, तिच्या लगतच्या खुर्चीवर सिस्टर, मग मी. मुलगा बाहेर गाडीपाशी थांबला.

सिनेमा सुरू झाला आणि सिस्टर हळूहळू खुर्चीत आखडत गेल्या. चित्रकथेतला नीलवज्र डाकवाल्याचा मुलगा होता, वडिलांच्या मागे पत्रं वाटून त्याचे पाय घडलेले होते. इथे तो एका उद्योगपतीचा वारस निघाला. शाल नव्हती, प्रयोगशाळेत बनवलेलं चिलखत होतं. हाक त्याला ऐकू येत नव्हती. त्याच्या प्रयोगशाळेतल्या भिंतीएवढ्या पडद्यावर संकटाच्या जागी लाल ठिपका लागायचा. आणि तो उडायचा. सारखा उडायचा. जायचा, पोचायचा, मारायचा, परत यायचा. लोक शिट्ट्या मारत होते. सिस्टर माझ्या कानाशी एकेक गोष्ट नोंदवत होत्या, पेशंटचं लक्षण नोंदवावं तशी. ह्याला आई न्हाई. ह्याला दम लागत न्हाई. ह्यो कुनापाशी बसत न्हाई.

ती शेवटची गोष्ट त्यांना सगळ्यात लागली असावी. मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि त्या रागावलेल्या होत्या. मला त्यांचा राग कळला. माझ्या लहानपणीचं एखादं गाणं कुणी नव्या वाजंत्रीत घुसळून काढलं की मलाही चीड येते. पण हे त्याहून मोठं होतं. त्यांच्या माणसाचे कपडे, आईबाप, घाम, सगळं काढून घेऊन नाव तेवढं ठेवलं होतं.

“चला,” त्या म्हणाल्या. “ह्यो आपला न्हाई.” आणि व्हीलचेअरचा ब्रेक काढायला वाकल्या.

ड्रायव्हरभाऊंनी डाव्या हातानं पुढचा लोखंडी कठडा पकडला. सिस्टरनी हात सोडवायला बघितलं. हात सुटेना. त्यांनी सिस्टरकडे बघितलंसुद्धा नाही. रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले. सिस्टरनी ब्रेक परत लावला आणि त्या खाली बसल्या.

उत्तरार्धात पुलाची गोष्ट आली. चित्रकथेतली ही सगळ्यात गाजलेली कथा. मी ती तोवर निदान चारदा वाचून दाखवली होती. वऱ्हाडाची बस पुलावर अडकते, नदीला पूर येतो, नवरीची आई काठावरून हाक मारते. नीलवज्राला ती डोंगरापलीकडे ऐकू येते. तो धावतो. पोचतो तेव्हा पूल नसतो.

सिनेमात तो अर्थातच उडत निघाला. पण वाटेत विजेचा लोळ चिलखतावर आदळला, चिलखत बंद पडलं आणि तो डोंगरात कोसळला. उठला. चिलखत अंगावरून ओरबाडून काढलं आणि अनवाणी धावायला लागला. पहिल्यांदाच धावायला लागला. थिएटर शांत झालं. दगड, चिखल, झाडं, घाटाची वळणं, आणि तो धावतोय. सिस्टर नकळत पुढे झुकल्या. मीही.

मग सिस्टरनी माझा हात घट्ट धरला. पडद्याकडे नाही, त्या ड्रायव्हरभाऊंकडे बघत होत्या.

ड्रायव्हरभाऊ गाडी चालवत होते. उजवा पाय लुळा पडून होता, पण डावा पाय व्हीलचेअरच्या पट्टीवर दाबला जात होता, सुटत होता, परत दाबला जात होता. क्लच. डावा हात मांडीशेजारी मूठ वळून पुढे जात होता, मागे येत होता. गिअर. वळण आलं की खांदा झुकत होता. जबडा घट्ट आवळलेला, नजर समोर. चढाला त्यांनी गिअर उतरवला, सपाटीला परत टाकला. त्यांच्या घशातून बारीक घुमणारा आवाज येत होता.

पडद्यावर नीलवज्र पोचला. पूल खचत होता, त्यानं खालून खांदा दिला. बस निघाली. नवरी निघाली. एक म्हातारी निघाली, एक लहान मूल निघालं. शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं. ड्रायव्हरभाऊंनी मूठ मधोमध आणून सैल सोडली, न्यूट्रल केल्यासारखी. मग हात खाली नेऊन काहीतरी वर ओढलं. हँडब्रेक. आणि मान मागे टाकून डोळे मिटले. त्यांच्या डाव्या गालावरून पाणी ओघळत होतं, उजव्या गालावरूनही.

सिनेमा त्यानंतर बराच चालला. आम्ही तिघांनी तो पाहिला असं म्हणता येणार नाही.

बाहेर मुलानं त्यांना उचलून गादीवर निजवलं, तेव्हा त्यांना झोप लागली होती. पिकअप पेठकडे निघून गेली. जुन्नरच्या जीपा समोरच लागलेल्या होत्या, पण सिस्टर हलेनात, म्हणून मी त्यांना रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसवलं. हायवेवरून टोमॅटोचे ट्रक जात होते. चहा गार झाला. मग त्या बोलायला लागल्या.

नोकरीतल्या सुरुवातीच्या एका पावसाळ्यात वरच्या एका वाडीतून बाई अडल्याचा निरोप आला होता. वाडीला जायला दोन रस्ते होते. वरचा जवळचा, पण खडकाळ आणि वळणावळणाचा. खालचा लांबचा, पण बरा. ड्रायव्हरभाऊंनी खालचा घेतला. अर्ध्या वाटेत दरड आलेली. जीप वळवून, मागे येऊन, वरच्या रस्त्यानं जाईपर्यंत बाई गेली होती. मूलही गेलं होतं. सिस्टर दिवसभर तिच्या सासूपाशी बसल्या, बाईला धुऊन साडी नेसवली. ड्रायव्हरभाऊ जीपमधून खाली उतरले नाहीत.

“खालचा रस्ता का घेतला, मला कुनी इचारलं न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “वरच्या रस्त्यानं मला उलट्या व्हायच्या, मॅडम. लई व्हायच्या. म्हनून त्यो कायम खालनं न्यायचा. त्या दिवशीबी त्यानं माझं तोंड बघितलं आन् गाडी खाली वळवली. आमी त्यावर कधी बोललो न्हाई. त्यो म्हनला न्हाई, मी म्हनले न्हाई.”

मी टपरीवाल्याला दुसरा चहा सांगितला.

“मी त्याला सांगत राह्यले, पोचन्याला काय न्हाई, निघनं मोठं. शेजारी बसनं मोठं. तीस-पस्तीस वर्सं सांगत राह्यले. त्यो ऐकून घ्यायचा, हसायचा.” त्यांनी पदरानं चष्मा पुसला. “मला वाटायचं, मी त्याची समजूत काढती. मी माझी काढत व्हते. त्याला ते कधी पटलंच न्हवतं. ते मला आज त्या भिकार पिक्चरनं सांगितलं.”



सिनेमाबद्दल त्यांचं मत नंतरही बदललं नाही. कुणी विचारलं तर वाईट आहे म्हणायच्या. पण पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर पेठला गेले तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वाचता वाचता त्या शेवटच्या पानांवर आल्या. घर जळून राख झाल्याचं चित्र समोर होतं. सिस्टर मात्र वाचत होत्या की नीलवज्र पोचला, दार फोडलं, आतली माणसं बाहेर काढली. आवाज न हलवता, छापलेलं वाचावं तसं. मी त्यांच्या खांद्यावरून बघतेय हे त्यांना कळत होतं. त्यांनी पुस्तक किंचित स्वतःकडे कलतं केलं.

ड्रायव्हरभाऊंना ती पुस्तकं पाठ होती. त्यांना फसवणं शक्य नव्हतं. ते सिस्टरच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. वाचून झाल्यावर त्यांनी डावा हात उचलला, सिस्टरच्या हातावर ठेवला आणि तसाच राहू दिला. वैनी चहा घेऊन आल्या, त्यांनी ते बघितलं, कप खाली ठेवले आणि आत गेल्या. त्यानंतर प्रत्येक रविवारी नीलवज्र वेळेत पोचत राहिला.

त्या हिवाळ्यात ड्रायव्हरभाऊ गेले, सकाळी, झोपेतच. सिस्टर मातीला गेल्या, दहाव्यालाही गेल्या. बायकांच्या घोळक्यात मागे, भिंतीला टेकून बसल्या. कुणीतरी वैनींना विचारलं, ह्या कोण? वैनी म्हणाल्या, दवाखान्यातल्या बाई आहेत. ते खरंच होतं. घरी आल्यावर सिस्टरनी आंघोळ केली आणि ओट्यावर थांबलेल्या लोकांचं बीपी मोजलं.

जूनमध्ये मला घराजवळच्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि मी जुन्नर सोडलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना भेटायला गेले. सिस्टर वाळल्या होत्या. माझ्या नव्या कॉलेजाची चौकशी केली, माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून हिमोग्लोबिन कमी आहे म्हणाल्या. मी विचारलं, पुस्तकं अजून वाचता का? वाचते, म्हणाल्या, जशी आहेत तशी वाचते. मग आम्ही दोघींनी हात धुतले आणि त्यांनी पुलाची गोष्ट काढली.

त्यांनी ती सबंध वाचली. हाक, डोंगर, धावणं, पाणी. शेवटचं पान आलं तेव्हा थांबल्या. त्या पानावर अक्षरच नव्हतं, नुसतं चित्र होतं. मी वाचून दाखवायची तेव्हा ते पान तसंच उलटायची.

“हितं छापलेलं काय न्हाई,” सिस्टर म्हणाल्या. “हितं डायवर मनानं बोलायचा. दर बारीला तेच बोलायचा, चार-पाच शब्द व्हते. मी कधी ध्यान देऊन ऐकलं न्हाई. मला पुढचं पुस्तक काढायची घाई असायची. आता लई आठवून बघते. येत न्हाई.”

मी म्हटलं, “वैनींना विचारलंत का? त्यांना माहीत असेल.”

“इचारलं,” त्या म्हणाल्या. “वैनी म्हनल्या, मला कुठं कधी वाचून दाखवलं त्यांनी.”

आम्ही ते पान बघत बसलो. नदी, काठावर एक बाई, आणि तिच्या शेजारी गुडघ्यांवर हात टाकून दम खात बसलेला एक माणूस.